आईच्या रकान्यातलं नाव

फॉर्म भरायचा म्हणजे स्वप्नालीच्या डाव्या हातचा मळ. वडवणीत तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात ती सहा वर्षं बसायली, आणि या सहा वर्षांत तिनं कुणाकुणाचे कागद केले ते विचारूच नका. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, म्हाताऱ्यांच्या निराधार पगारी, लेकरांच्या शिष्यवृत्त्या, सगळं. आठवडी बाजाराच्या दिवशी तर लोक आधी तिच्याकडं नंबर लावायचे आणि मग भाजीला जायचे. "ती ऊसतोडीची पोरगी हाय का जाग्यावर?" असं विचारायचे. पोरगी कसली, तीस वर्षांची बाई, नऊ वर्षांच्या लेकीची आई! पण लोकांनी एकदा पोरगी म्हटलं की म्हटलं.

तर अशा बाईचं घोडं अडलं ते स्वतःच्याच फॉर्मवर.

तिचा नवरा अंगद कॅनडात ट्रक चालवतो. आधी मुकादमाचा ट्रॅक्टर चालवला, मग चार वर्षं सौदीत ट्रेलर, आणि तिथून कॅनडा. तिथं कायमचं राहण्यासाठी त्यानं अर्ज केला, आणि त्या अर्जात बायको स्वप्नाली आणि लेक भागीरथी अशी दोन नावं घातली. अर्ज भरला स्वप्नालीनंच, इथं वडवणीत बसून. "एजंट कशाला लागतोय? इंग्रजी असला म्हणून काय झालं, रकाने तेच की," असं म्हणून तिनं ठोकून दिला होता. एका ठिकाणी मात्र तिनं चलाखी केली. लेकीच्या जन्मदाखल्याच्या जागी शाळेचा दाखला जोडला आणि देवावर हवाला टाकला.

देवानं काय तो हवाला घेतला न्हाई. मार्च लागला आणि तिकडून पत्र आलं. मुलीचा जन्मदाखला पाठवा, त्यावर आईबापाची नावं पाहिजेत, मुद्दत तीस दिवस. न आल्यास आहे त्या कागदांवर मुलीचा निर्णय घेतला जाईल. म्हणजे काय ते सांगायला वकील लागत न्हाई. नवरा तिकडं, बायको तिकडं, आणि लेकरू इथं.

आता तुमी म्हणाल, दाखला न्हाई का? हाय की! दाखला हाय, शिक्का हाय, नंबर हाय. पण आईच्या रकान्यात स्वप्नालीचं नाव न्हाई.

त्याचं असं झालं. नऊ वर्षांमागं अंगद-स्वप्नाली आणि अंगदचा थोरला भाऊ बंकट आणि त्याची बायको मनिषा, असे दोन कोयते कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यावर तोडीला गेलते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तोडीच्या हिशोबात माणसं मोजत न्हाईत. सटवा मुकादमाची एक रीत होती. टोळीतल्या सगळ्यांची आधार कार्डं तो स्वतःच्या पिशवीत ठेवायचा. "लोक अर्ध्यातच सोडून पळतात," म्हणायचा. मनिषानं तेवढं आपलं कार्ड हरवलं म्हणून खोटं सांगून पाचटाच्या कोपीत, पिठाच्या डब्यात दडवलं होतं. जानेवारीत स्वप्नालीला कळा सुरू झाल्या, पंधरा दिवस आधीच. सटवा कुणाच्या लग्नाला गावाकडं आलता, पिशवी घेऊन. दवाखान्यात कार्ड मागितलं. बाई तर वरडायली, कार्ड कुठून आणायचं? मनिषानं आपलं काढून पुढं केलं. नाव मनिषा, नवरा बंकट. कार्डावर होतं तेच उतरलं, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं न्हाई. लेकरू घरचंच, नाव बी घरचंच, बिघडलं काय?

झालं! सरकारदप्तरी भागी ही जावेची लेक. शाळेत मास्तर गावचेच होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं, भागीरथी अंगद. शाळेच्या दाखल्यावरून आधार झालं, आधारावरून पासपोर्ट झाला. जुना दाखला कुणाच्या ध्यानातच न्हाई राहिला. त्या वेळी कुणाला वाटलं होतं, तो कागद कधी सातासमुद्रापार मागतील म्हणून?

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अंगदचा फोन आला. तिकडं रात्र व्हायलेली, ट्रक कडेला लावून तो बोलत होता.

"तू आता काय बी डोकं लावू नको," तो म्हणाला. "बीडला धर्मराज सर म्हणून हायेत, परदेशाचंच काम करतात. उमापूरच्या दोघांचं त्यांनीच केलंय. त्यांच्याकडं जा अन् ते म्हणतील तसं कर."

"म्या करते की. तिकडं चिठ्ठी लिहून सगळं सांगते, असं असं झालं म्हणून."

"काय सांगतीस? दवाखान्यात खोटं नाव दिलं म्हणून सांगतीस? अगं, माझी बी फाईल बुडंल! चार हिवाळे काढले म्या इथं एकट्यानं. लेकरू मला फोनमध्ये बघून पप्पा म्हणतंय, समोर आलो तर वळखंल का न्हाई देवाला ठाऊक. तुझ्या हुशारीपायी ती तिथंच राहिली ना, स्वप्ने, तर मी तुला कधी माफ करणार न्हाई."

त्याचं बोलणं तिला लागलं, आणि खरं सांगायचं तर पटलं बी. चलाखी तिनंच केली होती. तरी चार दिवस ती घुटमळलीच. कुणापुढं हात पसरायचं तिच्या जिवावर आलतं. पाचव्या दिवशी तिनं धर्मराज सरांना फोन लावला, तर त्यांना भेटायला फुरसत न्हाई, सर मुंबईला, सर मीटिंगमध्ये. भेटीची वेळ मिळाली तेव्हा तीसातले सोळा दिवस उडाले होते.

मनिषा म्हणाली, "एकटी कशाला जातीस? मी येते." स्वप्नालीला ते बरंच वाटलं. या जावेनं तिला सख्ख्या बहिणीगत धरलं होतं. स्वप्नालीनं बारावीची परीक्षा दिली, कॉम्प्युटरचा क्लास केला, केंद्रात नोकरीला लागली, ते मनिषानं भागीला कडेवर घेतलं म्हणून. मनिषाला स्वतःला मूल न्हाई. पंचविसाव्या वर्षीच गर्भाची पिशवी काढली, तोडीवर पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलती आणि तेवढंच होऊन आली. पुढं ती त्यावर कधी बोलली न्हाई, आणि घरातल्यांनी बी विचारलं न्हाई.

बीडला धर्मराज सरांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. गार हवा, काचेच्या टेबलावर पितळेचं विमान. सर गोड बोलणारे. चहा मागवला, ताई ताई केलं, पत्र वाचलं आणि हसले.

"एवढंच ना? मी समजलो काय मोठं झालंय." मग त्यांनी मनिषाकडं बघितलं. "ह्या कोण?"

"घरचीच हाय," मनिषा म्हणाली.

"बाहेर बसल्या तरी चालंल."

मनिषा उठायला लागली. स्वप्नालीनं तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

"हे बघा ताई," सर म्हणाले, "त्या कागदाचा विषयच काढायचा न्हाई. मुलगी गावात, घरी जन्मली असं दाखवायचं. नोंद करायची राहून गेली. उशिरा नोंदीचा अर्ज, दोन साक्षीदार, एक दाई. माणसं माझ्याकडं हायेत. आठ दिवसांत नवा दाखला हातात. आई स्वप्नाली, बाप अंगद. मिटला विषय."

"आणि जुना?"

"जुना दुसऱ्या राज्यात पडलाय. कोण उकरायला जातंय?"

असले अर्ज स्वप्नालीच्या टेबलावरून शेकड्यानं गेले होते. त्यातला कोणता खरा आणि कोणता बनवलेला हे तिला वासावरून कळायचं, पण तिनं कधी मान वर केली न्हाई. आपलं काम टाइप करायचं! आता तोच अर्ज तिच्या नावचा व्हायचा होता. आणि खोटं कशाला सांगू, तिचं मन डळमळलं. आठ दिवस. आठ दिवसांत लेकराचा रस्ता मोकळा, नवरा खूश, कुणाला त्रास न्हाई. तिनं पिशवीतून पासपोर्ट काढले.

सरांनी कॅनडाच्या फॉर्मची पानं पुढं सरकवली. "इथं सही. इथं सही. आणि हे बघा, पैसे घेऊन कुणी मदत केली का, असं विचारलंय. तिथं न्हाई म्हणायचं."

"कावून? तुमी करायलात की."

"तसंच असतंय ताई. माझं नाव कुठं येत न्हाई. तुमीच भरला असं दाखवायचं. म्हणजे उद्या काय झालं तरी आपल्या आपल्यात राहतंय."

उद्या काय झालं तर ते कुणाच्या गळ्यात, हे विचारायला तिनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सरांनी दोन्ही पासपोर्ट उचलले आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकले.

"हे राहू द्या आमच्याकडं, फाईल होईपर्यंत. लोक अर्ध्यातच सोडून पळतात हो."

स्वप्नालीच्या अंगावर सरकन काटा आला. सटवा मुकादमाचंच वाक्य, शब्दाला शब्द. तिनं मनिषाकडं बघितलं. मनिषाचा चेहरा पार उतरला होता, म्हणजे तिला बी तेच आठवलं होतं.

"सर, पासपोर्ट द्या," स्वप्नाली म्हणाली.

"अहो ताई, नियम हाय आमचा."

"असंल. एक मुकादम करून झालाय आमचा, त्यानं कार्डं दाबली म्हणून तर आज तुमच्या दारात उभी हाय. दुसरा करायचा न्हाई. द्या!"

आवाज एवढा चढला की बाहेरची पोरगी दारात येऊन बघायला लागली. सरांचं ताई ताई तिथल्या तिथं आटलं. पासपोर्ट टेबलावर आपटत ते म्हणाले, "चौदा दिवस राहिलेत. करा तुमचं तुमी. नकार आला की माझ्याकडंच येतेत सगळे, मग मात्र मी बघणार न्हाई."

जिन्यावरून उतरताना स्वप्नालीनं दोन्ही पासपोर्ट छातीशी घट्ट धरले होते. रागानं का भीतीनं, तिचं तिलाच कळंना. बसस्टँडवर नेकनूरची गाडी सुटायली होती, वडवणीच्या गाडीला अजून अर्धा तास होता. मनिषानं रसवंतीवरून दोन ग्लास आणले. उसाचा रस तिला स्वतःला चालत न्हाई, वास बी नको वाटतोय. तरी ती घेऊन आली.

"मंग आता?" मनिषानं विचारलं.

"आता मीच करते, आक्का."

मनिषा काहीतरी बोलणार होती. मग तिनं ग्लास नुसताच हातात धरून ठेवला.

त्या संध्याकाळी अंगद फोनवर लई तापला. "एवढा माणूस आयता मिळाला होता! तेरा-चौदा दिवसांत तू काय दिवे लावणार? आपल्याला काय राजा हरिश्चंद्राची गादी चालवायचीय का?" तिनं त्याला काही सांगायला जावं तर तो पुढचं ऐकूनच घेईना. शेवटी तिनं फोन ठेवला, आणि असा फोन तिनं लग्न झाल्यापासून कधी ठेवला नव्हता.

मग तीन दिवस ती केंद्रात, गिऱ्हाईक नसलं की, तिकडच्या सरकारचं पान उघडून बसायची. त्यात साफ लिहिलं होतं. खोटी माहिती दिली तर पाच वर्षं बंदी. धर्मराज सरांच्या वाटेनं गेलं आणि कुणी जुनी नोंद उकरली, तर भागी चौदा वर्षांची होईस्तोवर बापाला भेटायची न्हाई. ते कळलं. पण खरं कसं सांगायचं, ते कुठंच लिहिलं नव्हतं. दवाखान्यात दुसऱ्याचं नाव दिलं हा गुन्हा होतो का? त्यात मनिषा अडकंल का? अंगदची फाईल मोडंल का? ती चिठ्ठी लिहायची, वाचायची आणि पुसून टाकायची. अख्ख्या तालुक्याचे रकाने भरणाऱ्या बाईला स्वतःबद्दल चार ओळी लिहिता येईनात. अकरा दिवस राहिले.

चौथ्या दिवशी बद्रीनाथ आबा आले, पीकविम्याचा फॉर्म घेऊन. म्हाताऱ्यानं सगळा स्वतःच भरलेला. गट नंबरच्या जागी फोन नंबर, फोन नंबरच्या जागी बैलाच्या कानातला बिल्ला. मुद्दत त्याच दिवशी संपायली होती.

"आबा! येत न्हाई तर विचारायला काय झालतं?" ती खेकसली. "इज्जत जाती का विचारलं तर? शेवटच्या दिवशी घेऊन येता अन् मग माझ्या नावानं बोंब मारता!"

आबा हसले. "मला वाटलं, मला येतंय."

स्वप्नाली त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं गुपचूप त्यांचा फॉर्म नीट केला, कुलूप लावलं आणि तडक कोर्टासमोर गेली.

सत्यशीला वकीलबाई तिच्या ओळखीच्या. त्यांची कितीतरी प्रतिज्ञापत्रं तिनंच टाइप केली होती. पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ, अशिलाला सुद्धा सोडायच्या न्हाईत. स्वप्नालीनं सगळं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं न्हाई. बाई ऐकत होत्या आणि मधून मधून चष्मा पुसत होत्या.

"दुसऱ्यांना शहाणपण शिकवतीस आणि स्वतःच्या वेळेला तीन आठवडे बसून काय केलंस?" त्या म्हणाल्या. "आता नीट ऐक. इथलं मी करते. जिथं नोंद झाली तिथं दुरुस्तीचा अर्ज, चुकीचं नाव कसं लागलं त्याची शपथपत्रं. तिकडचा कायदा मला कळत न्हाई, आणि कळतंय असं मी सांगणार बी न्हाई. त्याला तिकडचा परवाना असलेला माणूस लागतोय. त्यांची यादी असती, त्या यादीत नंबर बघून माणूस धरायचा. धर्मराज हाय का त्या यादीत?"

"बघितलं न्हाई."

"बघ."

तिनं तिथंच फोनवर बघितलं. नव्हता. मग संध्याकाळी दोघींनी मिळून यादीतल्या एका बाईंना फोनवर गाठलं. पुण्याच्या होत्या, आता तिकडंच असतात. मराठीत बोलल्या. सगळ्यात आधी त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यात लिहिलं होतं, या अर्जासाठी मी या बाईंना नेमलंय, हा त्यांचा नंबर. सही मागितली.

"तुमचं नाव लिहायचं?" स्वप्नालीनं विचारलं.

"लिहायलाच लागतं. नाव न लिहिता काम करते ती माझ्या धंद्यात चोर म्हणायची."

स्वप्नालीच्या जिवात जीव आला. त्या बाई म्हणाल्या, मुदत वाढवून मागू, जे झालं ते जसंच्या तसं लिहू, आणि आईबाप आणि मुलगी यांची रक्ताची डीएनए तपासणी करायला आम्ही तयार आहोत हे आपणच आधी कळवू. होईलच असं सांगत न्हाई, पण खोटं पकडलं जायची भीती तरी नको. "मात्र एक कागद लागेल," त्या म्हणाल्या, आणि सत्यशीलाबाईंनी मान हलवली, कारण त्यांना तो आधीच ठाऊक होता.

"आईच्या रकान्यात जिचं नाव हाय ना," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "तिनं स्वतः येऊन सांगायचं. माझ्यासमोर, शपथेवर. तिच्या तोंडून यायला पाहिजे, तुझ्या न्हाई. आणि मूळ दाखला आणायचा. दुरुस्तीला तो जमा होतोय."

बंकटला विचारलं तेव्हा तो म्हशीला वैरण टाकत होता. "सही कुठं करायची तेवढं सांग," म्हणाला, आणि परत वैरणीकडं वळला. मनिषाला विचारायला मात्र स्वप्नालीची जीभ रेटंना. रोज सकाळी मनिषा भागीची वेणी घालायची, भागी कण्हायची, मनिषा तिच्या डोक्यात टपली मारायची. ते बघितलं की स्वप्नाली चप्पल घालून केंद्राकडं निघायची. ह्या बाईला काय म्हणून सांगायचं? की चल, कोर्टात येऊन सांग, ही तुझी न्हाई? असे दोन दिवस गेले. नऊ राहिले.

तिसऱ्या दिवशी मनिषा चुलीपुढं भाकरी थापत होती. स्वप्नाली शेजारी बसली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. मनिषाचा हात थांबला न्हाई. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली.

"मूळ दाखला पाहिजे म्हणली का त्या?"

"व्हय. घरात कुठं असंल का, आक्का? मला सापडंना."

"माझ्यापशी हाय."

स्वप्नाली तिच्याकडं वळून बसली.

"पेटीत हाय," मनिषा म्हणाली. "कव्हरात घालून ठिवलाय, वाळवी लागू नये म्हणून. आन् मला विचारायला तुला दोन दिस लागले व्हय? त्यांना विचारलंस, मला न्हाई. मी काय मुलखाची परकी हाय का?"

"तसं न्हाई, आक्का. मला भ्याव वाटलं."

"भ्याव तर मला वाटलं." मनिषानं भाकरी निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली. "त्या विमानवाल्याकडं तू पासपोर्ट काढलेस ना, तवा मला बरं वाटलं होतं. खोटं सांगत न्हाई. त्याच्या वाटेनं तू गेली असतीस, तर पोरगी बी तुझ्यासंगं गेली असती, आन् माझा कागद बी राहिला असता. कुणी उकरणार नव्हतं म्हणला ना तो? म्या मनात म्हणलं, नगा उकरू. तिथं माझं नाव हाय, राहू द्या." तिनं डोळे पुसले, हाताचं पीठ गालाला लागलं. "मग त्यानं ते ड्रॉवर ओढलं अन् मलाच माझी लाज वाटली."

स्वप्नाली तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मनिषा मात्र रडली न्हाई. तव्यावरची दुसरी भाकरी करपायली होती, तिनं ती काढली आणि म्हणाली, "उद्या जाऊ. सकाळचीच गाडी धरू."

दुसऱ्या दिवशी मनिषानं लग्नातली हिरवी साडी नेसली. बंकट नव्या टोपीत, मागं मागं. सत्यशीलाबाईंच्या खोलीत तिघंच मावायचे, म्हणून बंकट सही करून बाहेर जाऊन उभा राहिला. बाईंनी शपथपत्र वाचायला घेतलं. कोर्टाची भाषा ती, तिच्यात मायेला जागा नसतेच. "सदर मुलगी ही माझ्या उदरी जन्मलेली नसून, केवळ ओळखपत्राअभावी माझे नाव आई म्हणून नोंदविले गेले आहे. सदर मुलीवर माझा आई म्हणून कोणताही हक्क नाही व यापुढे राहणार नाही."

वाचून झालं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "समजलं का? कबूल हाय?"

मनिषानं पदर सावरला. रस्त्यावर कुणीतरी जीप मागं घेत होतं, तिचा भोंगा तेवढा ऐकू येत होता. स्वप्नालीला वाटलं, आता ही उठंल. उठली तर तिला कोण काय म्हणणार होतं? तिनं न्हाई म्हटलं की सगळं इथंच संपत होतं, फाईल, कॅनडा, सगळं. आणि त्या क्षणी स्वप्नालीला असं बी वाटून गेलं, की उठावं हिनं.

"ती शेवटची ओळ पुन्हा वाचा," मनिषा म्हणाली.

बाईंनी वाचली. यावेळी हळू आवाजात.

"कबूल हाय," मनिषा म्हणाली. "ती माझी न्हाई. हिची हाय. म्या बघितलंय हिच्या पोटातून निघताना." आणि तिनं सही केली. म, नि, षा, एकेक अक्षर दाबून, मागच्या पानावर उमटंल एवढं.

मग तिनं साडीच्या घडीतून प्लास्टिकचं कव्हर काढलं. आतला कागद नऊ वर्षांचा, पण घडीवर सुद्धा फाटलेला नव्हता. तिनं तो टेबलावर ठेवला, मात्र बोट उचललं न्हाई.

"हा परत मिळतोय का, बाई?"

"न्हाई. हा रद्द होतो. नवा येतो तो हिच्या नावानं."

"झेरॉक्स काढून ठिवली तर चालंल का?"

सत्यशीलाबाई, अशिलाला न सोडणाऱ्या, त्यांना एकदम खोकला आला. पाणी प्यायल्या. "ठेवा," त्या म्हणाल्या. "पण कुठं दाखवायची न्हाई बरं का."

"दाखवायची कुणाला?" मनिषा म्हणाली, आणि कागद स्वप्नालीच्या हातात दिला. "जा, काढून आण. तुझं रोजचंच काम हाय."